रातपाळीचा आठवडा

माझी मुलगी अडीच वर्षांची होती, तेव्हा ती फक्त कुजबुजत बोलायची. मुकी नव्हती, बोबडीही नव्हती. शब्द स्वच्छ होते, पण त्यांना आवाज नव्हता. मी दिवसभर तिच्याबरोबर असूनही ही गोष्ट मला दिसली नाही. दिसली ती टाउनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना, तीही धाकट्याला डोस द्यायला नेलं होतं तेव्हा.

आम्ही भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. लग्न करून मी साताऱ्याहून थेट इथेच आले होते. हे, म्हणजे माझे पती, कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये क्रेन चालवायचे. छताखालच्या रुळांवरून फिरणारी क्रेन, तिच्या पोटाशी पिंजऱ्यासारखी एक केबिन. लोखंडी शिडीने तिथे चढायचं आणि आठ तास खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातांकडे बघत बसायचं. तो हात हलवील तसं लोखंडाचं धूड उचलायचं, सरकवायचं, ठेवायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "माझं काम नजरेचं आहे. वर डुलकी आली तर खालचा माणूस संपला." ते घाबरवायला म्हणाले नव्हते. पाणी किती वाजता येतं, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं होतं.

त्यांना एक आठवडा पहिली पाळी असे, एक आठवडा दुसरी आणि तिसरा रातपाळी. पहिल्या दोन आठवड्यांत घर चारचौघांच्या घरासारखं चालायचं. रातपाळीच्या आठवड्यात ते सकाळी सव्वासातला घरी येत, अंघोळ करून पोहे किंवा पोळीभाजी खात आणि साडेआठला आतल्या खोलीत झोपत, ते दुपारी दोनपर्यंत. तेवढा वेळ दोन खोल्यांच्या घरात दोन मुलं गप्प ठेवायची, हे माझं काम.

मुलगी एकटी होती तोवर ते जमत होतं. ती सव्वादोन वर्षांची असताना मुलगा झाला. बाळंतपणाला माझी आई साताऱ्याहून आली, दीड महिना राहिली आणि परत गेली. ती गेली त्याच आठवड्यात ह्यांची रातपाळी लागली. मी कामाला लागले. दाराच्या घंटीची वायर काढून ठेवली. त्या आठवड्यात कुकर लावायचा नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. भांडी घासताना मोरीत जुनं गोणपाट अंथरायचं. सब्जीवालीला सांगून ठेवलं की आमच्या जिन्याखाली हाक मारायची नाही, मी खिडकीतून बघून खाली येईन. तान्ह्याने रडण्यासाठी तोंड उघडलं की ते पूर्ण उघडायच्या आत मी त्याला छातीशी धरलेलं असे. तो दीड महिन्याचा होता, त्याला पाजून गप्प करता येत होतं. मुलीचं तसं नव्हतं. तिला समजावून सांगावं लागे.

"बाबा झोपलेत," मी ओठांवर बोट ठेवून तिला सांगायची. "हळू बोल. बाबा उठतील."

ती पटकन शिकली. मला तिचा अभिमानच वाटायचा. खालच्या मजल्यावर एक हिंदी भाषक कुटुंब राहायचं. त्यातल्या भाभी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आपके यहाँ तो पता ही नहीं चलता कि दो-दो बच्चे हैं." हे मी साताऱ्याला आईला पत्रात लिहून कळवलं.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मी पत्रात लिहिली नाही. मुलगा तीन महिन्यांचा असेल. रातपाळीचा आठवडा, सकाळचे साडेदहा. मी त्याला मांडीवर घेऊन पाजत होते. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिने फळीवरचं स्टीलचं ताट ओढलं. ताट फरशीवर पडलं आणि गोल फिरत राहिलं. तसं फिरणारं ताट किती वेळ वाजत राहतं! मी मुलाला तसंच खाली सतरंजीवर ठेवलं आणि धावले. एका हाताने ताट दाबलं. दुसरा हात मुलीच्या तोंडावर ठेवला, कारण तिचं तोंड रडण्यासाठी उघडलं होतं. हात मी दाबून धरला. किती वेळ ते सांगता येणार नाही. आतल्या खोलीतून काही हालचाल ऐकू येत नाही, अशी खात्री होईपर्यंत. मग हात काढला. तिच्या गालांवर माझी बोटं उमटली होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा झोपलेत."

मी तिला उचलून घेतलं, गूळ-खोबरं दिलं. बाहेरच्या खोलीत जाऊन मुलाला पुन्हा पाजायला घेतलं. दोन वाजता हे उठले, जेवले. ताटाचं मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने मुलाचा डोस होता. टाउनशिपचा दवाखाना आमच्यापासून वीस मिनिटांवर. मुलाला खांद्यावर टाकून आणि मुलीचं बोट धरून मी चालत गेले. डॉक्टरबाई वयाने मोठ्या, कडक म्हणून प्रसिद्ध. मुलाचं इंजेक्शन झालं, तो भोकाड पसरून रडला. मुलीने माझा पदर ओढला आणि मी वाकल्यावर माझ्या कानात म्हणाली, "आई, त्याला गप्प कर."

डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि नाव विचारलं. तिने नाव सांगितलं, पण ओठ हलले तेवढेच. "ज़ोर से बोलो बेटा." तिने पुन्हा ओठ हलवले. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीमागे जाऊन चुटकी वाजवली. तिने लगेच वळून बघितलं. घसा बघितला, जीभ बघितली. मग मला विचारलं, "घर में भी ऐसे ही बोलती है?"

मी हो म्हणणार होते, पण थांबले. मला आठवेना. ती घरात मोठ्याने कधी बोलली होती? पहिल्या पाळीच्या आठवड्यात, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात? संध्याकाळी, सगळे जागे असताना? मला एकही वेळ आठवली नाही.

"डाँट पड़ती है क्या?"

"नहीं," मी म्हणाले.

त्यांनी मुलाच्या कार्डावर तारीख लिहिली. म्हणाल्या, कान, घसा सगळं ठीक आहे, बच्ची डरी हुई लगती है. औषध काही नाही. पुढचा डोस महिन्याने.

घरी येईपर्यंत मला विशेष काही वाटलं नाही. ऊन होतं, मुलाचं अंग कोमट झालं होतं. घरी आल्यावर मी भाजी चिरली, दुपटी धुतली. ह्यांची पहिली पाळी होती. ते साडेतीनला आल्यावर चहा देताना मी त्यांना डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि मुलीला समोर बसवलं.

"बाळा, मोठ्याने बोल बघू. बाबा म्हण."

तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"आईकडे काय बघतेस? आई काही म्हणत नाहीये. म्हण, बाबा!"

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि समोर बसलेल्या, तिच्याशी बोलत असलेल्या बापाला अगदी हळू सांगितलं, "श्श. बाबा झोपलेत."

ते हसायला लागले, पण हसणं मध्येच थांबलं. नंतर बराच वेळ ते खिडकीशी उभे होते. बाहेर मैदानात मोठी मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

पुढच्या रातपाळीला त्यांनीच ठरवलं की घरात कुणी गप्प बसायचं नाही. "मी झोपेन. शेडमध्ये एवढा आवाज असतो, इथे दोन पोरांचा काय घेऊन बसलीस?" मी कुकर लावला. मुलगा रडला तर रडू दिला. मुलीला डबे वाजवायला दिले. तिने ते वाजवले नाहीत, एकावर एक नीट रचून ठेवले. पण मुलगा रडत होता आणि तेवढं पुरेसं होतं. पहिल्या दिवशी हे अकरालाच उठून बसले. दुसऱ्या दिवशी उशी घेऊन गॅलरीत गेले, तिथे ऊन आलं. चौथ्या दिवशी सकाळी घरी आले, बूट न काढता दारातच बसले आणि म्हणाले, "आज मला जागं करायला खालच्या माणसाला दोनदा शिट्टी मारावी लागली." तेवढंच. मी त्यांना पोहे दिले, आतल्या खोलीचा पडदा ओढला आणि घंटीची वायर पुन्हा काढली.

त्यांनी जनरल शिफ्टसाठी, म्हणजे कायमच्या दिवसपाळीसाठी, अर्ज दिला. साहेब म्हणाले, नंबर लागेल तेव्हा लागेल. तुमच्या आधी बरेच जण आहेत.

उरला एकच उपाय, मुलांनाच घराबाहेर काढायचं. दिवाळी झाली होती, थंडी पडायला लागली होती. नऊ वाजता मी सतरंजी, तेलाची वाटी, दोन दुपटी, मुलीसाठी वरणभाताचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरायची. इमारतीच्या पुढे, खालच्या भाभींच्या बागेलगत, उन्हाचा एक मोठा तुकडा असायचा, तिथे एक वाजेपर्यंत बसायचं. मुलाला उन्हात पालथं घालून तेल लावायचं. तो मान वर करून बघायचा आणि दमला की नाक सतरंजीवर आपटायचा. मुलगी माझ्या पाठीला टेकून बसायची. इतर मुलं खेळायला येत, ती जायची नाही.

भाभींकडे त्याच सुमारास त्यांचे सासरे आले. सीहोरकडच्या कुठल्याशा गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना आणलं होतं. ऑपरेशननंतर एका डोळ्यावर हिरवं फडकं बांधून ते दिवसभर बागेत, पेरूच्या झाडाखाली लोखंडी खुर्चीवर बसलेले असत. सगळे त्यांना दादाजी म्हणत. त्यांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली होती आणि त्यात त्यांचे कान गेले होते. भाभी त्यांच्याशी बोलायच्या ते चौथ्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं.

मुलीला त्या हिरव्या फडक्याचं नवल वाटलं. पहिले दोन-तीन दिवस ती लांबून बघत राहिली. मग जाऊन त्यांच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि काहीतरी विचारलं. त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांनी हात ओंजळीसारखा करून कानाला लावला. "क्या? क्या कहती हो?" तिने पुन्हा ओठ हलवले. ते वाट बघत राहिले, मग मान फिरवून रस्त्याकडे बघायला लागले. तिला टाळायचं म्हणून नव्हे. ऐकूच आलं नाही तर माणूस किती वेळ बघणार? ती परत आली. असं रोज व्हायचं. आम्हा सगळ्यांना तिचं कुजबुजणं कळायचं, आम्ही वाकायचो, कान पुढे करायचो. दादाजींना वाकून उपयोग नव्हता.

मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं असं तेव्हा वाटायचं. उठून जावं, दादाजींना तिचं म्हणणं ओरडून सांगावं. पण मांडीवर तेल लावलेला निसरडा मुलगा असायचा, म्हणून राहून गेलं.

झाडाला पेरू लागले होते. दादाजी काठीने फांदी खाली ओढत, एखादा तोडत आणि मुलांना वाटत. त्याला ते जाम म्हणायचे, तिकडे पेरूला जामच म्हणतात. मुलं "दादाजी, जाम! दादाजी, जाम!" करत भोवती नाचायची. ओरडेल त्याला मिळायचा. माझी मुलगी हात पुढे करून शेवटी उभी राहायची. तिचा हात त्यांच्या हिरव्या फडक्याच्या बाजूला असायचा, त्यांना दिसायचा नाही.

रातपाळीचाच आठवडा होता, गुरुवार की शुक्रवार. सकाळचे अकरा वाजले असतील. शेवटचा पेरू दुसऱ्या कुणा मुलाच्या हातात जात होता. आणि मी एक आवाज ऐकला.

"मेरा जाम! मुझे दो!"

मला आधी कळलंच नाही की ही माझी मुलगी आहे. जाडसर, थोडा घोगरा आवाज, माझ्या ओळखीचा नसलेला. पालथ्या पडलेल्या मुलाने दचकून मान वर केली, खालचा ओठ काढला, पण रडायचं विसरला. दादाजी वळले. "अरे, ये तो बोलती है!" म्हणाले आणि तो पेरू त्या मुलाकडून काढून घेऊन तिला दिला. तो मुलगा रडायला लागला.

मी उठणार तोच वरची आमची खिडकी उघडली. हे बनियनवर उभे होते, डोळे सुजलेले. मला वाटलं, झालं, उठवलंच.

"कोण ओरडलं?" त्यांनी वरून विचारलं.

"ही," मी म्हणाले.

ते खाली आले. लुंगी, बनियन, पायात चपलाही नाहीत. सतरंजीवर बसले आणि मुलीला हाक मारली. ती पेरू घेऊन आली, त्यांच्या मांडीवर बसली आणि त्यांच्या कानात काहीतरी कुजबुजली. ते वाट बघत राहिले. पण त्यांच्यासमोर तिने आवाज काढला नाही.

तिथे, उन्हात बसल्या बसल्या, मी त्यांना ताट पडल्याची गोष्ट सांगितली. तोंडावर हात दाबला होता, तेही सांगितलं. डॉक्टरबाईंना खोटं बोलले, तेही. सांगताना मी मुलाच्या पायांना तेल लावत होते, त्यांच्याकडे बघत नव्हते.

"ताट पडलं तेव्हा मी जागा झालो होतो," ते म्हणाले.

मी हात थांबवला.

"मग पोरीचं रडणं ऐकू येईल म्हणून पडून राहिलो. ते आलंच नाही. म्हटलं बरं झालं, आणि पुन्हा झोपलो."

भाभींनी आतून येऊन ह्यांना चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं आणि वर झोपायला गेले. त्या दिवशी झोप लागली का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर एक नवीनच त्रास सुरू झाला. रातपाळीच्या आठवड्यात दहा-साडेदहाला मी वर बघितलं की खिडकीचा पडदा किंचित हललेला असायचा. ते पडद्यामागे उभे राहून मुलीचा आवाज ऐकायचे, कारण समोर आले की ती गप्प व्हायची. ती खाली दादाजींच्या खुर्चीचा दांडा धरून हिंदीत जोरजोरात काय काय सांगत असायची, दादाजी "अच्छा? फिर?" म्हणायचे. ह्यांची झोप त्यात जायला लागली. शेवटी मी एकदा वर जाऊन त्यांना स्पष्ट सांगितलं, "असंच करायचं असेल तर मी मुलांना घरातच ठेवते." तेव्हा कुठे ते झोपायला लागले.

अशा रीतीने माझ्या मुलीचा आवाज हिंदीत आला. मराठीत तो यायला आणखी तीन-चार महिने लागले. बाहेर ती "भैया, गेंद इधर फेंको" असं मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची आणि जिन्याची पहिली पायरी चढली की "आई, भूक लागली" हे ओठांनीच. मी ऐकू न आल्यासारखं करून बघितलं. ती दादाजींसमोर जशी हट्टाने उभी राहायची तशी माझ्यासमोर राहिली नाही. जाऊन स्वतःच डबा उघडायला लागली. तेव्हा मी ते नाटक बंद केलं.

घरातलं मौन मोडलं ते धाकट्याने. तो आठव्या महिन्यात रांगायला लागला आणि जे दिसेल ते ओढायला लागला. एका संध्याकाळी तिच्या केसांना लोंबकळला. ती त्याच्यावर ओरडली, "सोड! सोड ना रे, दुखतंय!" हे समोरच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि वाचत राहिले. मीही कणीक मळत राहिले. आमच्यापैकी कुणी तिच्याकडे बघितलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती, असं आम्हा दोघांनाही एकाच वेळी वाटलं असावं. मुलाने केस सोडले नाहीत. ती आणखी ओरडली. पाच-दहा मिनिटं तो गोंधळ चालला होता, तोवर मी दोनदा मळलेली कणीक तिसऱ्यांदा मळली.

होळीनंतर दादाजी गावी परत गेले. त्यांचा डोळा बरा झाला होता, चष्मा लागला होता. टेम्पोत त्यांची खाट आणि ट्रंक चढवताना आम्ही सगळे खाली उभे होतो. मुलीने त्यांना ओरडून विचारलं, "कब आओगे?" टेम्पोचं इंजिन चालू होतं, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी सवयीने हात कानाला लावला, मग नुसतीच मान हलवली. ते पुन्हा आले नाहीत. पुढे भाभींनी भोपाळमध्येच, अवधपुरीला घर बांधलं आणि तेही क्वार्टर सोडून गेले. ह्यांना जनरल शिफ्ट मिळाली तेव्हा मुलगी पहिलीत होती आणि दिवसभर शाळेत असायची. दुपारी घरात कुणी झोपलेलं नसायचं.

मागच्या वर्षी ती तिच्या मुलाला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. तो तेव्हा दीड वर्षाचा होता. एके दुपारी तो झोपला, आणि मी स्वयंपाकघरातून तिला काहीतरी विचारलं. ती दारात आली, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "आई, हळू. आत्ताच झोपलाय."

मी हळू बोलले. मग आम्ही दोघी गॅलरीत जाऊन बसलो आणि मटार सोलत तिथे नेहमीच्या आवाजात बोलत राहिलो. मी तिला ताटाची गोष्ट सांगितली. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. "तू खूपच थकलेली असशील," ती म्हणाली आणि मटारची पाटी स्वतःकडे ओढून घेतली. थकलेली होतेच. पण त्या सकाळी माझ्या हाताने जे केलं ते थकव्यामुळे नव्हतं. मी अगदी जागी होते आणि मला जे हवं होतं ते मी करत होते. हे मी तिला सांगितलं. तिने हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस," आणि आत मुलगा उठल्याचा आवाज आला म्हणून उठून गेली.